ओसरी आणि माजघर

सिडनीच्या मुख्य धक्क्यावरून, ‘सर्क्युलर की’वरून, पॅरामॅटाला जाणारी फेरीबोट दर वेळी पॅरामॅटाला पोहोचतेच असं नाही. ओहोटी मोठी असली की नदीत बोटीपुरतंही पाणी उरत नाही. मग उतारूंना रायडलमेरच्या धक्क्यावर उतरवतात आणि उरलेला टप्पा बसने उरकावा लागतो. परदेशी पाहुण्याला ही किरकोळ गैरसोय वाटते. सिडनी समजून घ्यायची असेल तर मात्र सुरुवात इथूनच करावी, कारण बंदराचं पाणी जिथे संपतं जवळपास तिथेच या शहराच्या लोकवस्तीचा मध्य येतो. २०२१ च्या जनगणनेत महानगर सिडनीत सुमारे ५२ लाख माणसं मोजली गेली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी पश्चिम सिडनीत राहतात. तिथे बंदर दिसत नाही, लाटांचा आवाज येत नाही आणि समुद्राचा वाराही अनेकदा अर्ध्या वाटेत थकतो. कमानीचा पूल आणि पांढऱ्या शिडांचं ऑपेरा हाऊस ही सिडनीची ओसरी आहे. पाहुण्याला बसवायची जागा म्हणून ती झाडूनपुसून लखलखीत ठेवलेली असते. संसार चालतो तो आत, माजघरात. ही विभागणी आजच्या घरांच्या किमतींनी घडवली असं सर्रास समजलं जातं. माझ्या मते ती किमतींच्या कितीतरी आधीची आहे. किमतींनी तिच्यावर फक्त शिक्का मारला.

आधी जमिनीकडे पाहू. ज्याला पोर्ट जॅक्सन म्हणतात ते बंदर म्हणजे बुडालेलं नदीचं खोरं. शेवटचं हिमयुग सरलं, समुद्र वर चढला आणि वालुकाश्मात खोल कोरलेल्या दऱ्यांत खारं पाणी शिरलं. कोकणातल्या खाड्यांची जन्मकथाही फारशी वेगळी नाही. पण सावित्री, वाशिष्ठीसारख्या नद्या दर पावसाळ्यात सह्याद्रीची माती आणून खाडीच्या तोंडाशी ओततात. सिडनीच्या बंदराला मिळणारं पाणलोट क्षेत्र लहान, गाळ त्या मानाने थोडा, म्हणून ते खोल राहिलं. काही ठिकाणी तळ ४० मीटरहूनही खाली आहे. जहाजांसाठी यापेक्षा चांगली जागा मिळणं अवघड. माणसांसाठी मात्र तोच खडक कंजूष निघाला. वालुकाश्मावरची माती पातळ आणि रेताड असते. तिच्यावर निलगिरीची झाडं आणि रानफुलं खुशाल वाढतात, गहू वाढत नाही. हजारो वर्षं इथे राहणाऱ्या गॅडिगल आणि शेजारच्या कुळांना याची अडचण कधी भासली नाही. त्यांचं अन्न पाण्यात होतं. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग किनाऱ्यावर साचले होते. नव्या वसाहतीला चुनखडक सापडेना, तेव्हा गोऱ्यांनी हेच ढीग भाजून चुना केला. ज्या टोकावर आज ऑपेरा हाऊस उभं आहे त्याचं एक जुनं नाव चुना भाजणाऱ्यांवरूनच पडलं होतं. शहराच्या पहिल्या भिंती अशा तऱ्हेने आधीच्या लोकांच्या उष्ट्यावर उभ्या राहिल्या.

२६ जानेवारी १७८८ रोजी ब्रिटिश कैद्यांची वसाहत वसवायला आलेल्या आर्थर फिलिपने अकरा जहाजांचा ताफा घेऊन इथे तळ टाकला. बॉटनी बेची जागा त्याला पसंत पडली नव्हती. पोर्ट जॅक्सनमधल्या या आखातात गोड्या पाण्याचा एक ओढा वाहत होता आणि जहाजं काठाला लागत होती. निवड दर्यावर्दी माणसाची होती आणि त्या दृष्टीने ती अचूक होती. पण काही महिन्यांतच पोटाचा प्रश्न उभा राहिला. बंदराकाठी पेरलेलं धान्य नीट आलंच नाही, शिधा कमी करावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिलिपने नदीच्या वरच्या टोकाला दुसरी वसाहत वसवली, तीच पॅरामॅटा. तिथे वालुकाश्म मागे पडतो, शेल खडकावरची जड माती लागते आणि पीक येतं. जेम्स रूज या शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला तिथे प्रयोग म्हणून जमीन दिली गेली, आणि तो आपल्या पोटापुरतं पिकवू शकतो हे सिद्ध झाल्यावर १७९१ मध्ये ३० एकरांची सनद त्याच्या नावावर झाली. गव्हर्नरांनीही पुढे तिथेच मोठं निवासस्थान बांधलं. या भरभराटीची किंमत बुरामॅटगल लोकांनी मोजली. पॅरामॅटा हे नावच त्यांचं, अर्थ साधारण ‘जिथे वाम मासे असतात ती जागा’. १७९७ मध्ये पेमुलवुय या बिजिगल नेत्याने तिथे सरळ हल्ला चढवला, कारण आपली जमीन नेमकी कुठे आणि कशासाठी चालली आहे हे त्याला पुरतं कळलं होतं. सांगायचा मुद्दा असा की शहर दहा महिन्यांचंही नव्हतं तेव्हाच त्याची फाळणी झाली होती. जहाजं, कचेऱ्या आणि दिमाख पूर्वेला, धान्य पश्चिमेला.

पाणी माणसांना जोडतं असं कवी म्हणतात. सिडनीत ते बहुतेक वेळा आडवंच आलं. बंदराच्या बोटांसारख्या फाट्यांनी जमीन इतकी कातरली आहे की समोर दिसणाऱ्या घरी जायला तासाचा वळसा पडावा. जुने मोठे रस्ते डोंगरसोंडांच्या माथ्यावरून जातात, त्यांतले काही तर मूळच्या लोकांच्या पायवाटांवरून. या भूगोलात लोहमार्ग टाकायचा तर त्याने सरळ सपाटीकडे पळणं साहजिक होतं. मुंबई–ठाणे गाडी सुटल्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, सिडनीची पहिली आगगाडी सुटली ती पॅरामॅटाच्या दिशेला. उत्तर काठ पुढची पाऊण शतकं फेरीबोटींच्या भरवशावर राहिला. १९ मार्च १९३२ रोजी ५०३ मीटर झेपेचा पोलादी कमानीचा पूल खुला झाला आणि वर्षभरात फेरीचे प्रवासी निम्म्याहून खाली आले. लोकांना बोटीचं वेड होतं ते दुसरा मार्ग नव्हता तोवर! पुलासाठी दोन्ही काठांवरची शेकडो घरं पाडली गेली. घरमालकांना भरपाई मिळाली, भाडेकरूंना नाही. समुद्राकाठच्या उत्तरेकडील उपनगरांत, मॅनलीसह, आजही रेल्वे नाही. तिथले सुखवस्तू रहिवासी त्याबद्दल फारसे रडतही नाहीत. गर्दी यायला रस्ता अरुंद असणं हीसुद्धा एक मालमत्ताच असते.

आता कुणी म्हणेल की बंदर एके काळी कामकऱ्यांचंच तर होतं. खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला बळ याच गोष्टीतून मिळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘द रॉक्स’, मिलर्स पॉइंट, पिरमॉन्ट, बालमेन ही गोदी कामगारांची वस्ती होती. लोकरीची गोदामं, साखरेचा कारखाना, जहाजदुरुस्ती आणि बालमेनमध्ये तर चक्क बंदराच्या तळाखाली शिरलेली कोळशाची खाण. बंदराजवळ राहणं म्हणजे धूर, उंदीर आणि कर्कश भोंगे. १९०० मध्ये धक्क्यांवर प्लेग उतरला. १८९६ मध्ये ज्याने मुंबईला, मांडवीपासून सुरुवात करून, हादरवलं होतं त्याच जागतिक साथीची ही पुढची पावलं. सिडनीत १०३ माणसं मेली. मुंबईत प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, सिडनीत सरकारने सगळा धक्का आणि त्यामागची वस्ती ताब्यात घेऊन हार्बर ट्रस्टकडे सोपवली. दोन्हीकडे रोगाने नगररचनेचं दार उघडलं. पण पुढे जहाजं वाढली, मालाच्या पेट्या (कंटेनर) आल्या आणि काम १९७० च्या दशकाअखेर बॉटनी बेकडे सरकू लागलं. धूर गेला तसा देखावा उरला, आणि देखाव्याला भाव आला. बंदराकाठची घरं महागली ती बंदर बंदर राहिलं नाही तेव्हा. त्याच्या जुन्या कामाचा एक पुरावा मात्र अजून तळाशी आहे. होमबुश बेच्या काठी रसायनांच्या कारखान्यांनी सोडलेलं डायॉक्सिन गाळात इतकं मुरलं की २००६ मध्ये संपूर्ण बंदरात व्यावसायिक मासेमारी बंद झाली. हौशी गळवाल्यांना सरकारचा सल्ला असा, की पुलाच्या पश्चिमेला पकडलेला मासा अजिबात खाऊ नका, पूर्वेला पकडलेला साधारणपणे महिन्याला दीडशे ग्रॅमपलीकडे नको. माशांमध्येसुद्धा पूर्व आणि पश्चिम!

इथे सर्वांत वजनदार आक्षेप विचारात घ्यायला हवा. बंदर श्रीमंतांच्या ताब्यात गेलं असेल तर त्याच्या काठावर इतकी झाडी, इतक्या पायवाटा, इतक्या फुकट बसायच्या जागा कशा? एका फेरीच्या तिकिटात कोणीही तो देखावा पाहू शकतो, मग रडगाणं कशाला? आक्षेपात तथ्य आहे. जगातल्या फार थोड्या महानगरांत पाण्याचा काठ इतका मोकळा आहे. फक्त तो मोकळा कसा राहिला हे पाहिलं पाहिजे. बंदराच्या मुखाजवळची टेकाडं लष्कराने तोफा ठेवण्यासाठी अडवून धरली होती, म्हणून तिथलं रान वाचलं, आणि लष्कर हटल्यावर ती जमीन राष्ट्रीय उद्यानाकडे व सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे गेली. तोफांनी शत्रूपेक्षा बिल्डरांनाच जास्त रोखलं. १९७१ मध्ये हंटर्स हिलमधला केलीज बुश हा रानाचा तुकडा घरबांधणीसाठी जाणार होता. तिथल्या तेरा गृहिणींनी सगळे अर्जविनंत्यांचे मार्ग संपल्यावर बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे धाव घेतली. संघटनेचा नेता जॅक मंडी कम्युनिस्ट, बायका सधन उपनगरातल्या. पण मजुरांनी तिथे विटेला हात लावायला नकार दिला आणि ‘ग्रीन बॅन’ नावाची गोष्ट जन्माला आली. याच हत्याराने पुढे ‘द रॉक्स’ची जुनी वस्ती जमीनदोस्त होण्यापासून वाचली. म्हणजे काठ मोकळा राहिला त्यात निसर्गाची कृपा थोडी, योगायोग आणि भांडण जास्त.

आणि या भांडणाचा शेवट काय झाला? ‘द रॉक्स’च्या पुनर्विकासात विस्थापित होणाऱ्या भाडेकरूंसाठी पुलाच्या पायथ्याशी सिरियस नावाची काँक्रीटची इमारत १९८० च्या सुमारास उभी राहिली. सरकारी भाड्याच्या ७९ सदनिका, काहींच्या खिडकीतून थेट ऑपेरा हाऊस. २०१४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की मिलर्स पॉइंट आणि आसपासची सुमारे तीनशे सरकारी घरं विकली जातील. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले गोदी कामगारांचे वंशज हलवले गेले. रिकामी केलेली सिरियस २०१९ मध्ये १५ कोटी डॉलरला गेली. सरकारचा युक्तिवाद निखळ मूर्खपणाचा नव्हता. इथलं एक जुनं घर विकून आलेल्या पैशात दूर उपनगरात अनेक घरं बांधता येतात, प्रतीक्षायादी लांबलचक आहे, मग मूठभरांना देखावा का पोसावा? हिशेब म्हणून हे बरोबर बसतं. पण या हिशेबात घरांची संख्या वाढवायची दिशा नेहमी एकच निघते, ती म्हणजे पश्चिम. बंदर पाहायला सर्वांचं राहिलं. राहायला ते सर्वांचं नाही, हे त्या विक्रीने कागदोपत्री नोंदवलं.

पश्चिमेला राहण्यात इतकं वाईट काय, असा पुढचा प्रश्न. वाईट काही नाही, पण फरक आहे आणि तो थर्मामीटरवर वाचता येतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे शिकतो. दुपारी जमीन तापते, समुद्रावरची गार हवा आत येते. सिडनीच्या किनाऱ्यावर ही हवा भर उन्हाळ्यातही दुपार सुसह्य करते. पण पेनरिथ समुद्रापासून पन्नासएक किलोमीटर आत, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी. तिथवर वारा पोहोचतो तो उशिरा आणि कोमट, कधी पोहोचतच नाही. ४ जानेवारी २०२० रोजी पेनरिथमध्ये ४८.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. त्या दिवशी पृथ्वीवरच्या सर्वांत तप्त जागांत त्याची गणना झाली. पाऊसही पूर्वेला अधिक, पश्चिमेला कमी. त्यावर नव्या वसाहतींतली गडद छपरं, कोवळी झाडं आणि रुंद डांबर यांची भर. एकाच महानगरात एकाच दुपारी दोन हवामानं असतात, आणि विजेचं बिल ज्याच्या खिशाला जड त्याच्याच घरी वातानुकूलन जास्त वेळ चालतं.

तरी पश्चिमेला गेलेला प्रत्येक माणूस ढकललाच गेला असं म्हणणं त्याच्या अकलेचा अपमान होईल. अंगण, स्वतःचं गॅरेज, मुलांना वेगळ्या खोल्या हे ऑस्ट्रेलियन स्वप्न आहे आणि ते बंदराकाठी मावत नाही. भारतातून येणाऱ्यांचं गणित तर आणखी स्पष्ट. हॅरिस पार्कमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार दहातल्या चारांहून अधिक माणसांचा जन्म भारतात झालेला आहे. शेजारच्या वेस्टमीडला मोठं रुग्णालय आणि जवळच मुरुगनचं मंदिर, वेंटवर्थविल आणि पेंडल हिलला किराण्याची दुकानं, आणि सगळ्यांना बांधणारी एक रेल्वे. पहिली नोकरी शोधणाऱ्याला, आईवडिलांना सहा महिने बोलावून घेणाऱ्याला, चालत जाऊन कोथिंबीर आणता येणं हे बंदराच्या दर्शनापेक्षा मोलाचं असतं. गंमत अशी की जेम्स रूजच्या त्या पहिल्या शेताची जागा याच हॅरिस पार्कमध्ये आहे. उपाशी वसाहतीला जिथे पहिल्यांदा पोटभर धान्य दिसलं तिथेच आज संध्याकाळी डोशाच्या वासाने रस्ता भरतो. ही आपणहून निवडलेली वस्ती आहे, कोंडवाडा नव्हे. पण निवड आणि सक्ती यांच्यात काटेकोर रेघ ओढता येत नाही. भाडं आठवड्याच्या हिशेबात सांगितलं जातं, त्यामुळे नवख्याला ते आधी स्वस्त वाटतं आणि मग महिन्यासाठी चारने नव्हे तर सव्वाचारहून थोड्या अधिकाने गुणायचं असतं हे कळल्यावर घाम फुटतो. अनामत चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती घरमालकाच्या खिशात नव्हे, सरकारकडे जमा राहते. भाडं बारा महिन्यांत एकदाच वाढवता येतं, आणि मे २०२५ पासून कारण दिल्याशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. कायदा भाडेकरूच्या बाजूला सरकतो आहे. पण कायदा घर टिकवायला मदत करतो, बंदराजवळ आणून ठेवत नाही. म्हणून राहायला येणाऱ्याने नकाशावर बंदरापासूनचं अंतर मोजण्याऐवजी जवळचं रेल्वे स्थानक, तिथून कामाच्या जागेचा वेळ आणि खोल्यांची पश्चिमेकडची, दुपारच्या उन्हात तापणारी खिडकी पाहावी. यात शहाणपण अधिक आहे.

मुंबईचा वाचक इथे खांदे उडवेल. दक्षिण मुंबई आणि विरार–डोंबिवली यांत तरी काय वेगळं? वेगळं आहे ते पाण्याशी केलेल्या वागणुकीत. मुंबईचा समुद्र उथळ होता, म्हणून बेटांमधल्या खाड्या भरून तिने जमीन तयार केली आणि पाणी मागे रेटलं. सिडनीनेही काही चिखलाचे काठ भरले, ‘सर्क्युलर की’ त्यातलीच. पण चाळीस मीटर खोल दरी कोण भरणार? तिने पाणी ओलांडायचे मार्ग शोधले: १९३२ चा पूल, १९९२ चा बोगदा, २०२४ मध्ये तळाखालून गेलेली चालकविरहित मेट्रो. दुसरा फरक जास्त बोचरा. मुंबईचा पूर्व किनारा गोदीच्या भिंतींआड राहिला, सामान्य मुंबईकराला आपलं बंदर दिसतच नाही. सिडनीकराला ते दिसतं, रविवारी त्याच्या काठाने चालताही येतं. संध्याकाळी तो गाडीने घरी परततो, एवढंच. यापैकी कोणतं बरं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर दिसणारं बंदर बरं, कारण जे दिसतं त्याच्यासाठी लोक भांडतात. केलीज बुश ज्यांनी वाचवलं त्यांना तो रोज दिसत होता.

चार दिवसांसाठी येणाऱ्यानेही हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मॅनलीची अर्ध्या तासाची फेरी चुकवू नये. खुल्या समुद्राच्या तोंडावरून बोट जाते तेव्हा बंदर किती सुरक्षित आहे हे डोलणाऱ्या पायांना कळतं. जोराचा पाऊस झाल्यावर मात्र तीन दिवस बंदरात पोहू नये, शहराची गटारं तेव्हा त्यात धुऊन येतात. पण एक दिवस उलट दिशेने, नदीने वर जावं. वाटेत कॉकाटू बेटावर कैद्यांच्या कोठड्या आणि जहाजदुरुस्तीच्या गोद्या शेजारीशेजारी दिसतील, पुढे काठ उंच इमारतींचा होईल, मग खारफुटीचा आणि अरुंद. ओहोटी नसेल तर पॅरामॅटा येईल.

राज्यकर्त्यांनाही हे सगळं दिसत नव्हतं असं नाही. २०१८ च्या महानगर आराखड्यात सिडनी हे एक शहर नसून तीन शहरं आहेत असं अधिकृतपणे लिहिलं गेलं: पूर्वेला बंदराचं, मध्ये पॅरामॅटाभोवती नदीचं आणि पश्चिमेला बागांचं. प्रत्येकाला अर्ध्या तासात काम आणि सोयी मिळाव्यात हे उद्दिष्ट. ज्या आयोगाने तो आराखडा केला तोच काही वर्षांत बरखास्त झाला, पण बांधकामं थांबली नाहीत. पॅरामॅटात ट्राम परत आली, वेस्टमीडहून शहराकडे भुयारी मेट्रो उभारली जाते आहे. आणि शहराच्या मध्यापासून चाळीसहून अधिक किलोमीटर आत, बॅजरीज क्रीकला, नवा विमानतळ २०२६ च्या अखेरीस प्रवाशांसाठी खुला करण्याचं ठरलं आहे. तिथे उतरणाऱ्याला खिडकीतून पूल दिसणार नाही. ओसरी ओलांडून तो थेट माजघरात उतरेल. पूर्वेच्या जुन्या विमानतळावर रात्री अकरा ते सकाळी सहा बहुतेक विमानांना बंदी आहे. आसपासच्या रहिवाशांची झोप मोडू नये म्हणून १९९५ मध्ये खास कायदा झाला. नव्या विमानतळाची जाहिरात तो चोवीस तास चालेल अशी केली जाते.